पावसाच्या पाण्याचे शुल्क: सक्तीच्या सेवेबद्दल एका घरमालकाचा अभिप्राय

अमेरिकेतील मेरिलँड राज्यात आम्ही घर घेतले त्याला आता बारा वर्षे होतील. जुलै महिन्यात मालमत्ता कराचे बिल येते आणि त्यात मूळ कराच्या खाली पावसाच्या पाण्याच्या शुल्काची एक वेगळी ओळ असते. उपाहारगृह आवडले नाही तर पुढच्या वेळी दुसरीकडे जाता येते. इथे ती सोय नाही, कारण ही ओळ भरली नाही तर घरावर बोजा चढतो. तरीही पैसे मोजतो त्या अर्थी आपण ग्राहकच आहोत, म्हणून हा अभिप्राय.

ही सेवा नेमकी कशाची, हे बिल पाहून कळत नाही आणि माझ्या मते निम्म्या विरोधाचे मूळ तिथेच आहे. छपरावर, ड्राइव्ह-वेवर आणि पार्किंगवर पडलेले पाणी जमिनीत मुरत नाही. 1000 चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तरी सुमारे 2,350 लिटर पाणी पन्हळीतून खाली येते, रस्त्यावरचे तेल, हिरवळीवरचे खत आणि माती बरोबर घेते आणि जवळच्या ओढ्यातून शेवटी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीकच्या उपसागरात जाते. या उपसागरात किती नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ येऊ द्यायचा याची मर्यादा केंद्रीय पर्यावरण संस्थेने डिसेंबर 2010 मध्ये घालून दिली. त्यानंतर मेरिलँडच्या विधिमंडळाने 2012 मध्ये कायदा करून नऊ काउंट्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे स्थानिक विभाग) आणि बाल्टिमोर शहर यांना 1 जुलै 2013 पर्यंत असे शुल्क सुरू करण्याचे बंधन घातले. तत्त्व सरळ आहे: ज्याच्या जागेत पाणी मुरत नाही अशी जमीन जास्त, त्याने जास्त पैसे द्यायचे.

विरोधकांनी या शुल्काचे बारसे ‘रेन टॅक्स’ असे केले आणि तेच नाव सर्वतोमुखी झाले. सरकार आता आभाळातून पडणाऱ्या पावसावरही कर लावते, हे वाक्य सभेत टाळ्या घेणारे असले तरी खरे नाही. शुल्क पावसावर नसून डांबर-काँक्रीटवर आहे. मात्र दर किती असावा हे कायद्याने स्थानिक संस्थांवर सोडल्यामुळे जो गोंधळ झाला, त्याने विरोधकांना आयते कोलीत मिळाले. बाल्टिमोर शहराने एका कुटुंबाच्या घरांसाठी वर्षाला 40, 60 आणि 120 डॉलर असे तीन टप्पे ठेवले, हॉवर्ड काउंटीने 15, 45 आणि 90 डॉलर ठेवले, कॅरल काउंटीने शुल्क लावण्यास नकार दिला आणि फ्रेडरिक काउंटीने कायद्याचा मान राखण्यापुरता प्रत्येक मालमत्तेला एक सेंट लावला. एका सेंटाचे बिल छापायला किती खर्च आला असेल, हा प्रश्न मला आजही पडतो. 2014 च्या राज्याच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लॅरी होगन यांनी हा विषय लावून धरला, ते गव्हर्नर झाले आणि 2015 मध्ये शुल्काची सक्ती उठली. हार्फर्ड आणि बाल्टिमोर काउंटीने ते बंदही केले.

शुल्क बंद झाले म्हणून काम बंद होत नाही, ही गोष्ट त्या वेळच्या चर्चेत फारशी ऐकू आली नाही. पाणी स्वच्छ करण्याचे बंधन काउंटीला पावसाचे पाणी ओढ्यात सोडण्यासाठी मिळालेल्या परवान्यातच आहे, त्यामुळे तोच खर्च सर्वसाधारण करांतून करावा लागतो आणि मग मोठे पार्किंग असलेला मॉलमालक आणि लहान रो-हाउसमधली निवृत्त शिक्षिका यांच्यात डांबराच्या क्षेत्रफळाने पडणारा फरक उरत नाही. या कारणाने मी शुल्काच्या बाजूचा आहे. पण विरोधकांची एक तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. राज्य सरकारच्या स्वतःच्या इमारतींना आणि रस्त्यांना कायद्याने सूट मिळाली, तर मोडकळीला आलेले छप्पर वर्गणीतून दुरुस्त करणाऱ्या चर्चला बिल आले. आमच्या काउंटीत या शुल्कावर झालेल्या सुनावणीत एका चर्चचे खजिनदार हातात बिल घेऊन एवढेच म्हणाले, की आमचे पार्किंग आठवड्यातून एकदा भरते, तुमचे रोज भरते. त्यांना समोरून कोणी समाधानकारक उत्तर दिले नाही. प्रिन्स जॉर्जेस काउंटीने पुढे चर्चना त्यांच्या आवारात पाणी मुरवण्याची कामे करू देण्याच्या बदल्यात सवलत दिली. अशी तडजोड पहिल्याच वर्षी सगळीकडे झाली असती तर निम्मा राग विरला असता.

आता माझा स्वतःचा अनुभव. आमच्या काउंटीत क्षेत्रफळ हवाई छायाचित्रांवरून मोजतात. परसात आम्ही अळू आणि मेथी लावतो आणि तण येऊ नये म्हणून वाफ्यांवर काळे कापड अंथरतो. वरून पाहणाऱ्याने ते डांबर समजून आमच्या खात्यात सुमारे 300 चौरस फूट जास्त धरले आणि आम्ही वरच्या टप्प्यात गेलो. हरकत अर्जाला मोजमापांचा आराखडा आणि चारही बाजूंचे फोटो मागितले. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाने तीच माहिती पुन्हा विचारली. चौथ्या महिन्यात एक गृहस्थ चाकाचे मोजयंत्र घेऊन आले, कापडाचे टोक उचलून खालची माती पाहिली, अळूचे पान हातात घेऊन हे खातात का असे विचारले आणि दहा मिनिटांत निघून गेले. निकाल आमच्या बाजूने लागला. पण जास्तीचे पैसे फक्त चालू वर्षाचे परत मिळाले, आधीच्या दोन वर्षांचे नाहीत, कारण हरकत घेण्याची मुदत संपली होती. चूक त्यांची आणि मुदत आम्हाला, हा न्याय मला पटलेला नाही.

सवलतीची योजना मात्र चांगली आहे. पन्हळीचे पाणी थेट रस्त्यावर न सोडता खोलगट वाफ्यात मुरवले, म्हणजे आपल्याकडच्या शोषखड्ड्याचे झाडे लावलेले रूप केले, तर शुल्क कमी होते आणि खर्चाचा काही भाग परत मिळतो. आम्ही तसा वाफा केला. मुसळधार पावसानंतर त्यात पाणी तुंबते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुरते. तळघराच्या भिंतीला येणारी ओलही थांबली, जो फायदा माहितीपत्रकात लिहिलेला नव्हता. मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाईच्या टक्केवारीवरून चालणारे वाद ऐकत वाढलेल्या माणसाला, पाणी नाल्यात जाण्याआधीच अडवण्याची ही कल्पना विशेष आवडते.

शुल्काच्या पैशातून वस्तीमागच्या जुन्या तळ्याचेही काम झाले. पूर्वी तळ्यातून सिमेंटचा सरळ पाट जात असे आणि वळीव पडला की लोंढा ओढ्याचे काठ कापत पुढे जाई. आता पाट काढून लव्हाळी लावली आहेत आणि पाणी दोन दिवस थांबून हळू उतरते. डासांची भीती घातली गेली होती. मला तरी डास वाढलेले दिसले नाहीत, बेडूक मात्र नक्की वाढले. एवढे काम करूनही तळ्याशी साधी पाटी नाही. ज्यांनी सुनावणीत विरोध केला तेच लोक संध्याकाळी या तळ्याभोवती फिरायला येतात आणि आपलेच पैसे तिथे लागले आहेत याची त्यांना कल्पना नसते.

नव्याने घर घेतलेल्यांनी पहिल्याच बिलाबरोबर आपल्या जागेच्या मोजणीचा नकाशा मागवून घ्यावा, कारण हरकतीची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात. सवलत कायमची नसते, ठरावीक वर्षांनी वाफा चालू असल्याचे फोटो पुन्हा द्यावे लागतात. आमचे नूतनीकरण पुढच्या ऑक्टोबरात आहे आणि या वेळी फोटो काढण्यापूर्वी काळे कापड आठवणीने गुंडाळून ठेवणार आहोत.