सोलर, ग्रीन टॅरिफ की झाडं? सोसायटीचा निधी कुठे घालावा

लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून महिन्याला ३,००० युनिट जाळणारी सोसायटी धरू. देशात युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण बहुतेक वीज अजून चंद्रपूरसारख्या कोळशाच्या केंद्रांतूनच येते. म्हणजे वर्षाला सुमारे २५ टन. तो भरून काढायला सोलर, ग्रीन टॅरिफ आणि झाडं हे तिन्ही पर्याय सारखेच मानून सभेत हात वर होतात, ते मला पटत नाही.

छतावरचा एक किलोवॅट आपल्याकडे वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो, म्हणजे जवळपास एक टन वाचतो. २५ किलोवॅटला सावली नसलेली अडीच हजार चौरस फूट गच्ची हवी. सामायिक वापरासाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. मात्र सभासदांना हेही स्पष्ट सांगा: नेट मीटरिंगने, म्हणजे ग्रिडला दिलेली जादा वीज बिलातून वजा होऊन, बिल जुळतं, पण संध्याकाळी सातची लिफ्ट ग्रिडवरच चालते आणि त्या वेळी कोळसा जळतच असतो. म्हणून पाण्याचा पंप टायमर लावून दुपारी चालवा. खर्च नगण्य, फायदा खरा.

गच्ची टाक्यांनी भरली असेल तर महावितरणचा ग्रीन टॅरिफ, म्हणजे थोडा जादा दर देऊन अक्षय स्रोतांची वीज घेणं. २०२१ मध्ये तो युनिटमागे ६६ पैसे जादा होता. त्या दराने आपल्या सोसायटीला वर्षाला पावणेचोवीस हजार पडतील. अर्जाआधी चालू दर पाहा. गुंतवणूक काहीच नाही, पण पैसे दरवर्षी जातात. सोलरचे वसूल होतात.

आता झाडं. वाढलेलं झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरतात. २५ टनांना १,२५० झाडं लागतील, तीही जगलेली, वाढलेली. शिवाय चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना. तेवढा काळ जमिनीत गाडलेला कार्बन आपण वर काढला आणि तो झाडाच्या हवाली करायचा, जे एका वणव्यात किंवा रस्तारुंदीकरणात जाऊ शकतं? झाडं जरूर लावा, सावलीसाठी, पाखरांसाठी. विजेच्या हिशेबात धरू नका. कुणी कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कार्बन वाचवल्याचा दाखला, विकायला आलं तर एवढंच विचारा: आमचे पैसे आले नसते, तर हे काम झालंच नसतं का? कागद दाखवून उत्तर मिळालं नाही, तर तो निधी गच्चीकडे वळवा.