बारा गुणिले दीड

५,८९८ रुपये ८२ पैसे. स्पीकरच्या एका जाहिरातीपायी एवढ्याला मी गेलो. शेवटचे ८२ पैसे मुद्दाम लिहिले आहेत. त्या ८२ पैशांची गोष्ट पुढे येईल, आणि माझी उरलीसुरली अक्कलही तिथेच निघेल.

मी १९ वर्षं दहावीला विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून मोकळा होतो, नाहीतर कुणीतरी म्हणणारच, 'एवढे शिकलेले असून फसलात कसे?' घरात हा प्रश्न विचारून झाला आहे, दोनदा.

आईच्या खोलीत ३२ इंची टीव्ही आहे, भिंतीवर टांगलेला. टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या अंगाला गेले, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग माणसाकडे येतो. आई आवाज वाढवायची. त्याने मालिकेतला ढोल वाढायचा, बोलणं मात्र पुटपुटल्यासारखंच राहायचं. रात्री शेजारचे भिंत ठोकायचे. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेली स्पीकरची जोडी, म्हणजे पॉवर्ड स्पीकर, घ्यायचं ठरवलं.

मी डोळे मिटून उडी मारली असं कुणी समजू नये. दोन महिने वाचत होतो. १० बाय १२ च्या खोलीत उश्या थरथरवणारा सबवूफर नको, बोलणं स्वच्छ हवं. त्यासाठी जाड आवाजाला ३-४ इंचाचा वूफर आणि बारीक आवाजाला वेगळा ट्वीटर पुरतो. नुसत्या ब्लूटूथवर राहायचं नाही, कारण बरेचदा ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. हेडफोनच्या भोकातून वायर घेतली तर बहुतेक टीव्हींवर त्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. ऑप्टिकलवर, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणाऱ्या वायरीवर, पुष्कळदा होत नाही, मग म्हातारीच्या हातात दोन रिमोट. हे सगळं मला माहीत होतं. 'पीएमपीओ' वॅटचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचे, हजारांतले आकडे बघून मी वर्गात मुलांना हसवलेलं आहे. त्या जाहिरातीत पीएमपीओ नव्हतंच. '१२० वॅट आरएमएस', म्हणजे सतत मिळणारी ताकद, असं लिहिलं होतं, म्हणून तर विश्वास बसला! हे लोक मूर्खांसाठी वेगळी जाहिरात करतात आणि अर्धवट शहाण्यांसाठी वेगळी.

जाहिरातीचा प्रकार तुमच्या ओळखीचाच. १८,९९९ वर काट, खाली ४,९९९. आजचा शेवटचा दिवस. ४९९ आधी, बाकीचे ४,५०० दारात. लाकडी दिसणारी जोडी, मागे ऑप्टिकल, साधी वायर, सगळं काही.

आता तो क्षण. चौथ्या फोटोत स्पीकरच्या शेजारी अ‍ॅडॉप्टर ठेवला होता. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. का, तर पिना आपल्या सॉकेटमध्ये बसतील की नाही ते बघायला. पिना बसणार होत्या. त्याच लेबलवर आउटपुट लिहिलं होतं: १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. मी ते वाचलं. वाचलं! बारा गुणिले दीड, अठरा. विद्युत शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा, हे मी त्याच आठवड्यात दहावी ब ला फळ्यावर लिहून दिलं होतं. ज्या पेटीत १८ वॅट जातात तिच्यातून १२० वॅट सतत बाहेर कसे निघतील? एखाद्या पोराने परीक्षेत असं उत्तर काढलं असतं तर मी लाल शाईने कान उपटला असता. इथे मी फोटो बंद केला, पिना बसतात म्हणून समाधानाने पत्ता भरला आणि ४९९ पाठवले.

कुठलाही स्पीकर घेताना आधी अ‍ॅडॉप्टरचा फोटो मागा आणि गुणाकार करा. गुणाकार जुळत नसेल तर बाकीचं वाचूच नका.

सहाव्या दिवशी खोकं आलं. उघडून दाखव म्हटलं तर पोरगा म्हणाला, 'काका, आधी पेमेंट, मग उघडा, आम्हाला परवानगी नाही.' बिचारा घामाघूम होता, वरती अजून चार मजले बाकी. मी ४,५०० दिले. पेमेंटनंतर का होईना, त्याच्यासमोर उघडताना व्हिडिओ तरी काढायचा होता. तोही काढला नाही.

खोकं जड होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मी खूश होतो. लावल्यावर पत्र्याच्या डब्यात बसून कुणी बातम्या देतंय असा आवाज आला. आई म्हणाली, 'बरं ऐकू येतंय रे आता.' ती माझी समजूत काढत होती हे मला दोन दिवसांनी कळलं. मी खोलीबाहेर गेलो की ती वायर काढून टाकायची. तिसऱ्या दिवशी स्क्रू काढले. आत एका बाजूला ३ इंचाचा कागदी कोन, चहाच्या बशीएवढाही नाही. ट्वीटर म्हणजे नुसती चकचकीत टोपी, मागे वायरच नाही. ऑप्टिकलच्या भोकामागे काहीही नाही, फक्त भोक. आणि तळाला गोंदाने चिकटवलेला सिमेंटचा तुकडा. वजन त्याचं होतं. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नव्हता. असता तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा बघता येतो. ही सोय फुकट आहे, वापरा.

खोक्यावर एक नंबर होता. त्यावर फोन करून मी भांडलो, म्हणजे शिकवणीच घेतली: तुमच्याच फोटोत १२ व्होल्ट दीड अँपिअर लिहिलंय, हे १२० वॅट होऊच शकत नाहीत, लेबल वाचणाऱ्याला तुम्ही फसवताय. तो शांतपणे ऐकत राहिला. मग फोन कट.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबरवरून वेगळ्या माणसाचा फोन. शुद्ध मराठी, प्रत्येक वाक्याला 'सर'. तक्रार मंजूर झाली, ४,९९९ परत मिळणार, फक्त त्यावरचा १८ टक्के जीएसटी आधी भरायचा, तोही परत येणार. ८९९ रुपये ८२ पैसे. मी कॅल्क्युलेटर काढून १८ टक्के केले. बरोब्बर ८९९.८२ आले! स्पीकरच्या वेळी न केलेला गुणाकार मी इथे केला, आणि उत्तर जुळलं म्हणून पैसे पाठवले. हसा. ऑर्डर नंबर त्याला पाठ होता, कालचा उद्धट आणि हा सभ्य, आणि मला ही भानगड घरात कळायच्या आत मिटवायची होती. पुढे 'फाइल अडकली' म्हणून त्याने १,९९९ मागितले तेव्हा डोळे उघडले. परत देणारा आधी कधीच मागत नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी तिसऱ्या दिवशी फोन केला, तोवर पैसे दुसऱ्याच खात्यातून निघून गेले होते. ही चूक माझी. तुम्ही त्याच तासात करा, रडणं नंतर.

पण पुढचं माझ्या माथी मारू नका. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं, मग हवालदार म्हणाले, 'गुरुजी, स्पीकर मागवले, स्पीकर आले. फसवणूक कुठाय?' मी सिमेंटचा तुकडा टेबलावर ठेवला. 'ते क्वालिटीचं झालं. दिवाणी मॅटर.' मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पार्सल घरी आलं ना, मग तुमच्याच ठाण्यात. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तावर. चार खेपा, तीन अर्ध्या रजा. पूर्वी लोक चारशेवीस म्हणायचे, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ झालं. ठाण्याची हद्द न बघता गुन्ह्याची माहिती नोंदवायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी ती छापून नेली, तर साहेब म्हणाले, 'सर, कायदा आम्हाला शिकवू नका.' शेवटी साधा अर्ज घेतला. आवकचा शिक्का मारून द्या म्हणून तिथे हट्ट धरावा लागतो, तो धरा. निघताना हवालदारांनी विचारलं, 'आमच्याकडे पण टीव्हीला आवाज नाही, कुठले घेऊ?'

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त हमाल. पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे आठ आकडे, आणि पत्त्यात गाळा नंबर आहे पण गाव नाही. असं पार्सल हे लोक उचलतात कसं, हे कुणी विचारायचंच नाही?

ग्राहक आयोगात आपण राहतो तिथे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. फारच छान. पण प्रतिवादीच्या रकान्यात मी काय लिहू, आठ आकडे? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी असायलाच हवा. जिथे नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिसेल तिथून परत फिरा. ऑप्टिकल असो की सोन्याचं भोक असो.

आईच्या टीव्हीला सध्या जुन्या कॉम्प्युटरचे दोन स्पीकर लावले आहेत. अडगळीतले, फुकटचे. बोलणं कळतं म्हणते, आणि या वेळी वायर काढत नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा आली. नाव नवीन, रंग काळा, भाव ५,४९९, फोटो तेच. चौथा मोठा करून पाहिला. अ‍ॅडॉप्टर तिथेच आहे, पिनाही स्पष्ट दिसतात, फक्त त्याच्यावरचं लेबल आता पुसट केलंय.

ते माझ्या शिकवणीचं फळ.