कारामेलो: आजीशी भांडत भांडत सांगितलेली कादंबरी

सँड्रा सिस्नेरोसची ही 2002 सालची कादंबरी, जाडजूड आहे पण एकदा हातात घेतली की सुटत नाही. शिकागोतली लाला, सहा भावांच्या पाठीवरची एकुलती एक पोरगी, बाबा सोफ्यांना कापड चढवायचं काम करतात. उन्हाळा आला की बाबा आणि त्यांचे दोन भाऊ, अशी तीन बिऱ्हाडं तीन गाड्यांत कोंबून मेक्सिको सिटीला आजीकडे निघतात. आजी म्हणजे नुसता तोफखाना, लाडका फक्त लालाचा बाप, सुनांचं काही खरं नाही.

मला सगळ्यात आवडला मधला भाग... लाला आजीच्या तरुणपणाची गोष्ट सांगतेय आणि आजी (तोवर वारलेली बरं का!) मध्येमध्ये तोंड घालते, असं नव्हतंच, नीट सांग वगैरे, आणि ही पोरगी तिलाच दटावते की गोष्ट मी सांगतेय ना. तिथे कळतं की ही खाष्ट म्हातारी एकेकाळी आई गेलेली, बापाने दुसरं लग्न करून नातेवाइकांकडे धाडलेली पोर होती, जवळ फक्त आईच्या हातची कारमेल रंगाच्या पट्ट्यांची शाल, तिचीही झालर अर्धवट राहिलेली, तीच गुंफत नि उसवत बसायची.

तक्रार एकच, प्रकरणांच्या शेवटच्या टीपा. मेक्सिकोचा इतिहास, जुने नट-गायक सगळं तिथे भरलंय, काही झकास, काही निव्वळ पाल्हाळ. स्पॅनिश शब्दही ढिगाने, अर्थ अंदाजाने लावायचा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला लालाचं बिऱ्हाड हलल्यावर वेग जरा ढेपाळतो. तरी बिनधास्त घ्या, फक्त एका दमात संपवायच्या भानगडीत पडू नका.