मिशी काढलेला हिटलर : चार युरोंची डिस्क, आठ महिन्यांनंतर

जुन्या गेमच्या दुकानदाराने काल या डिस्कचे पन्नास सेंट सांगितले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता लिहायचंच.

आठ महिन्यांपूर्वी स्टुटगार्टच्या एका रविवारच्या जुन्या बाजारात 'वोल्फेनस्टाइन 2 : द न्यू कोलोसस' या नाझींना गोळ्या घालायच्या व्हिडिओ गेमची, टीव्हीला जोडायच्या पीएस4 यंत्रावर चालणारी डिस्क घेतली. विकणारा पाच म्हणत होता, चारवर आणला. ऑनलाइन मागवली तर प्रौढांचा माल म्हणून दारात ओळखपत्र तपासतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. तेही वाचले. डबीवर 18 आकड्याचा लाल चौकोन होता, तेवढा पाहिला. बाकी बारीक अक्षरं वाचली नाहीत, तिथेच फसलो.

गेम 2017चा. मीच उशिरा पोचलोय, त्यामुळे कथा सांगत बसत नाही. बंदुका दणदणीत आहेत. सुरुवातीला पाणबुडीत व्हीलचेअरवर बसून गोळ्या झाडायच्या, ती कल्पना कुणाला सुचली त्याला नमस्कार. कोर्टातली मारामारी मात्र छळ आहे. मी अवघड पातळी सोडून सोप्यावर आलो, आणि सोप्यावर आलात की मेनूतला नायक डोक्यावर बाळाचं टोपडं घालून तुमच्याकडे बघतो. पस्तिशीच्या माणसाने हे सहन करायचं. डिस्क असूनही पहिल्या रात्री तासन्‌तास डाउनलोड चालू होतं, आणि माझा जुना पीएस4 या गेमला पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. शुक्र ग्रहावर एक प्रसंग आहे. आपला नायक वेषांतर करून नट म्हणून जातो आणि समोर सिनेमासाठी निवड करायला खुद्द हिटलर येतो. म्हातारा, आजारी, गाऊन घातलेला. ओकतो काय, बादलीत लघवी करतो काय, मनात आलं की समोरच्याला गोळी घालतो. नेमका तेव्हा धाकट्या भावाचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. मी फोन टीव्हीकडे वळवला.

"दादा, हा म्हातारा कोण?"

"हिटलर."

"मग मिशी कुठाय?"

मी म्हटलं, वय झालंय, काढली असेल. तो इतका हसला की मागून आईने विचारलं काय झालं. मग त्याने मूळ आवृत्तीतला तोच प्रसंग पाठवला. मिशी जागच्या जागी! माझी डिस्क म्हणजे जर्मनीसाठी कापलेली आवृत्ती, तिच्यात सगळे त्याला 'चान्सेलर' म्हणतात आणि त्याचं नाव 'हायलर' आहे. जर्मनमध्ये हायलर म्हणजे बरं करणारा. हिटलरचा वैद्यबुवा केला राव! स्वस्तिकाच्या जागी भलतंच चिन्ह, नाझींच्या जागी नुसतं 'रेजीम', म्हणजे राजवट. आणि डिस्कवर भाषा एकच, जर्मन. इंग्रजी औषधालाही नाही.

पहिला महिना मी फक्त मिशीबद्दल बोलत होतो. ऑफिसात बोललो, बायकोशी बोललो, केस कापणाऱ्या तुर्की माणसाशीही बोललो. कारण या डिस्कवर हिंसा जशीच्या तशी आहे. कुऱ्हाडीने पाय तोडा, हात तोडा, जर्मन सरकारला हरकत नाही. बोटभर केस तेवढे चालत नाहीत. बरं, 2004 साली याच देशात हिटलरच्या अखेरच्या दिवसांवर चित्रपट निघाला, त्यात मिशी होती. सिनेमा कला, गेम खेळणं!

मग जरा खोदलं. इथल्या दंडसंहितेच्या कलम 86अ नुसार बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं दाखवणं गुन्हा आहे. मिशीबद्दल कायद्यात अक्षर नाही, पण हिटलरची छबीही चिन्हातच धरतात. कला, संशोधन, शिक्षण यांना सूट आहे. ती गेमना नाही, असा निकाल 1998 साली फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने जुन्या 'वोल्फेनस्टाइन 3डी'च्याच प्रकरणात दिला आणि पुढची वीस वर्षं कंपन्या त्या धाकात राहिल्या. ऑगस्ट 2018मध्ये कोणता गेम कोणत्या वयाला चालेल ते ठरवणाऱ्या इथल्या संस्थेने जाहीर केलं की आता एकेक गेम बघून सूट द्यायची की नाही ते ठरवू. म्हणजे माझी डिस्क बाजारात आल्यावर दहा महिन्यांनी. याला म्हणतात नशीब. याच मालिकेतला 2019चा 'यंगब्लड' इथे कापलेल्या आणि न कापलेल्या, दोन्ही आवृत्त्यांत विकला गेला.

इथल्या जुन्या खेळाडूंना याचं काहीच नवल नाही. ते 'हाफ-लाइफ'मध्ये माणसांऐवजी यंत्रमानव मारत मोठे झाले. 'टीम फोर्ट्रेस 2'मध्ये त्यांच्याकडे माणूस फुटला की स्प्रिंगा आणि रबरी बदकं उडायची. ऑफिसातला एकजण अभिमानाने सांगतो की न कापलेले गेम आणायला तो ऑस्ट्रियात गाडी घेऊन जायचा, गावाकडून आंबे आणल्यासारखा. त्याला माझ्या चार युरोंबद्दल सहानुभूती वाटली नाही. "डबी वाचायची," म्हणाला.

भाऊ म्हणतो, आपल्याकडे असलं काही नसतं. त्याला म्हटलं, तू मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतोस, त्यात गोळी लागली की हिरवं रक्त उडतं आणि 'किल'ला 'फिनिश' म्हणतात, ते काय आहे? हिरवं रक्तही आपला शोध नाही. 1997 साली ब्रिटनमध्ये 'कार्मागेडन' या गाड्यांच्या गेमने गाडीखाली येणाऱ्या पादचाऱ्यांचे झॉम्बी करून हिरवं रक्त दाखवलं, तेव्हा कुठे विक्रीला निघाला. अपिलात जिंकल्यावर लाल झाला. आणि 2008मध्ये 'फॉलआउट 3' एक्सबॉक्सवर भारतात आलाच नाही, सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन. त्यात 'ब्राह्मिन' नावाची दोन डोक्यांची गाय आहे, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. माझ्या कॉलेजातल्या निम्म्या पोरांनी तो खेळला होता. कसा, ते विचारू नका.

चौथ्या महिन्यात माझं मत बदललं, दोन्ही बाजूंनी. आमच्या गल्लीत फुटपाथवर पितळेचे छोटे चौकोन बसवलेत. नाझींनी त्या घरातून नेलेल्या माणसांची नावं, जन्मसाल, कुठे आणि कोणत्या साली मारलं ते. रोज बसस्टॉपला जाताना त्यांच्यावरून जातो. एकदा पावसात थांबून वाचले आणि मिशीवरचे माझे विनोद थोडे थंडावले. ज्यांच्या दारात हे आहे, त्यांनी दुकानाच्या काचेत स्वस्तिक नको म्हटलं तर मी कोण हसणारा?

पण त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा खेळताना भावाने पाठवलेल्या तुकड्यांशी संवाद ताडून पाहिले. मूळ गेममध्ये नायकाची आई ज्यू आहे, आणि बाप तिला व पोराला ज्या विषाने बोलतो त्यावर गोष्टीचा अर्धा डोलारा उभा आहे. माझ्या डिस्कवरून ज्यूंचा उल्लेखच पुसलाय. बाप नुसताच तिरसट वाटतो. म्हणजे विसरू नये म्हणून कायदा, आणि त्याच्या धाकाने कंपनीने पुसलं काय, तर मेलेल्यांची ओळख. मिशीचा राग मी उगाच धरला होता, धरायचा तर हा धरायला हवा होता. (मिशीचा गेलेला नाही.)

गेमरमंडळींचाही वैताग येतो. एखाद्या नायिकेच्या कपड्याची लांबी दोन बोटं वाढली की सेन्सॉरशिपच्या नावाने गळा काढतात. जुलै 2025मध्ये पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावाने स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून प्रौढांचे कितीतरी गेम उतरले, तेव्हा यातल्या बऱ्याच जणांना कार्डावर तीन टक्के सूट मिळते की नाही याचीच चिंता. इथे निदान कलमाचा नंबर तरी माहीत आहे, कार्डवाल्याशी भांडायला कुठे जायचं?

आता अनपेक्षित फायदा. डिस्कवर जर्मनशिवाय भाषा नसल्यामुळे मी आठ महिने झक मारत जर्मन ऐकलं. 'आडोसा घ्या', 'गोळ्या भरा', 'गद्दार' हे शब्द बेकरीत उपयोगाचे नाहीत, पण कान तयार झाला. मार्चमध्ये जर्मन भाषेच्या बी1, म्हणजे मधल्या पातळीच्या परीक्षेत ऐकण्याच्या भागात माझे सगळ्यात जास्त गुण आले. शिकवणीवाल्या बाईंनी विचारलं, घरी काय ऐकता? मी बातम्या म्हणालो. क्लासची फी धरली तर चार युरो कुठेच नाहीत. पाचपैकी साडेतीन देतो.

तरी खेळून झाला म्हणून काल विकायला गेलो. दुकानदाराने डबी उलटी करून बघितली, म्हणाला, "जर्मन आवृत्ती. पन्नास सेंट." मी विचारलं, आणि मिशीवाली असती तर? तो म्हणाला, तीन युरो. म्हणजे मिशीचे अडीच. डिस्क परत घेऊन आलो. जाण्यायेण्याचं तिकीट गेलं ते वेगळंच.