फाशी की मरेपर्यंत जन्मठेप: निवेदनावर सही करण्याआधी

परवा संध्याकाळी भाचा घरी आला तो हातात कागदांची चळत घेऊनच. त्यांच्या तालमीतली पोरं पेठेत घरोघर फिरून निवेदनावर सह्या घेत होती. मागणी एका ओळीची: चालू खटल्यातल्या आरोपीला फाशीच झाली पाहिजे. तीनशेवर सह्या झाल्या होत्या, त्याची स्वतःची राहिली होती. "आत्ती, तू सगळं आयुष्य कोर्टात काढलंस. सही करू काय?"

मी त्याला चहा करून दिला, पण उत्तर लगेच दिलं नाही. त्या रात्री त्याच्याशी जे बोलले तेच इथं लिहिते आहे. असा कागद उद्या कुणाच्याही दारात येऊ शकतो.

पहिल्यांदा हे बघू, की निवड नेमकी कशाकशांत आहे. बहुतेकांच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात, फाशी नाहीतर चौदा वर्षं. हा हिशेबच चुकलेला आहे. जन्मठेप म्हणजे कायद्यानं उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यात सरकारनं सुटकेचा विचार करण्याआधी भोगावीच लागणारी किमान कैद आहे. त्यानंतर सोडायचं की नाही हे सरकार ठरवतं, आणि लोकांची भीती तिथंच आहे. ती भीती खोटी नाही. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार आणि खून प्रकरणातल्या अकरा जणांना 15 ऑगस्ट 2022 ला गुजरात सरकारनं मुदतीआधी सोडलं, तेव्हा देशानं ते पाहिलं. 8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली आणि सगळ्यांना पुन्हा आत जावं लागलं.

पण या दोहोंच्या मध्ये तिसरी शिक्षा आहे आणि ती निवेदनात कधीच नसते. 2008 च्या स्वामी श्रद्धानंद निकालानं आणि 2015 च्या घटनापीठाच्या निकालानं हे पक्कं झालं, की उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय सूट, म्हणजे शिक्षेत कपात, न देता वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा थेट मरेपर्यंत जन्मठेप देऊ शकतं. 2013 च्या कायदा-दुरुस्तीनंतर बलात्काराच्या काही कलमांत उरलेलं नैसर्गिक आयुष्य तुरुंगात, अशी शिक्षा सत्र न्यायालयालाही देता येते. म्हणून खरी तुलना फाशी आणि मरेपर्यंत जन्मठेप यांच्यातच करायला हवी.

वेळेचा हिशेब

कोल्हापूरकरांना यासाठी लांब जायची गरज नाही. गावित मायलेकींचं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं. लहान मुलं पळवायची, चोऱ्यांसाठी वापरायची आणि मारून टाकायची. 1996 मध्ये अटक झाली. आई निकालाआधीच कोठडीत मेली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशी दिली. 2004 मध्ये उच्च न्यायालयानं आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या प्रकरणात काय काय झालं हे वाचलेल्या कुणालाही त्या बहिणींची दया येणार नाही, मलाही आली नाही.

पुढं काय झालं? दयेचे अर्ज गेले आणि निकाली निघायला 2014 उजाडलं. सरकारी टेबलांवर सात वर्षं दहा महिने पंधरा दिवस गेले, असं मोजून मुंबई उच्च न्यायालयानं 18 जानेवारी 2022 ला फाशीची जन्मठेप केली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात मरेपर्यंत, कसलीही सूट नाही, अशी भर घातली. म्हणजे अटकेपासून सव्वीस वर्षांनी आपण पोचलो कुठं, तर मरेपर्यंत जन्मठेपेवर. हीच शिक्षा 2006 मध्ये झाली असती, तर त्या मुलांच्या आईबापांना मधली सतरा वर्षं वर्तमानपत्रात त्या दोघींचे फोटो बघावे लागले नसते.

ऑक्टोबर 2016 मधला कोल्हापूरचा मूक मोर्चा अनेकांना आठवत असेल. दसरा चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत मीही होते. कोपर्डीत शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या आरोपींना फाशी ही पहिली मागणी होती, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये तिघांना फाशी सुनावली गेलीही. घटनेपासून दीड वर्षाच्या आत. आम्हाला वाटलं, संपलं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये मुख्य दोषी येरवड्यात मेला, तेव्हा उच्च न्यायालयात अपील तसंच पडून होतं.

पुण्यातल्या बीपीओ (कॉल सेंटर) कर्मचारी तरुणीच्या 2007 च्या बलात्कार-खून प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली, राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला, तरी अंमलबजावणीत झालेल्या उशिरामुळं 2019 मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची पस्तीस वर्षांची कैद केली. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

तर मग प्रक्रिया छाटून टाका, असं लोक म्हणतात. भाचाही तेच म्हणाला. ती प्रक्रिया का आहे, ते पुढं सांगते.

चूक झाली तर

नाशिक जिल्ह्यात 2003 मध्ये एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बदलून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे नंतर कळलं. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना पूर्ण निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत काढल्यावर. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, आणि तपासात कसूर करणाऱ्यांवर कारवाई करायलाही.

हे वाचलं तेव्हा मला शाहू महाराज आठवले. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात काही जातींची पोलिसांपुढची रोजची हजेरी बंद केली. गावात चोरी झाली की आधी पालावर जायचं, ही सवय मात्र त्यांच्यानंतर शंभर वर्षांनीही गेलेली नाही. कोर्टात उभे राहणारे चेहरे मी रोज बघितले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालात फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या कमजोर घरातले निघाले. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. 2000 ते 2015 या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या आणि पुढं निकाली निघालेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या शंभरातल्या पाचाहूनही कमी, आणि शंभरातले जवळपास तीस जण थेट निर्दोष सुटले.

दुसरं प्रकरण पुण्याचं. 1994 मध्ये सात जणांचा खून झाला होता. फाशी झालेल्या एका कैद्याचं वय गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षं आणि काही महिने होतं, हे शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं 2023 मध्ये. अठ्ठावीस वर्षं तो आत होता. फास आवळला असता तर ती शाळेची नोंद कुणी शोधायला गेलं नसतं.

इथं जन्मठेपेचं पारडं इतकं जड होतं, की बाकीचे मुद्दे माझ्या लेखी मागं पडतात. अठ्ठावीस वर्षं कुणी परत देऊ शकत नाही, खरं आहे. पण तो माणूस आपल्या पायांनी फाटकाबाहेर आला.

फाशीच्या कैद्याचं संरक्षण: कुणासाठी?

"मग त्यांचे लाड करायचे काय?" हा भाच्याचा प्रश्न. फाशी झालेल्याला कायद्यानं काय मिळतं ते बघा आणि त्याला लाड म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा. 1978 च्या सुनील बात्रा निकालानं ठरलं, की अपील आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत अशा कैद्याला एकांत कोठडीत डांबता येत नाही. 1980 च्या बच्चन सिंग निकालानं फाशी दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणापुरती ठेवली. 21 जानेवारी 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालानं सांगितलं, की दयेचा अर्ज फेटाळल्याची लेखी खबर कैद्याला आणि घरच्यांना द्या, मग किमान चौदा दिवस थांबा, शेवटची भेट घडवा, त्याचं डोकं ठिकाणावर आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. याच्या आदल्या वर्षी, 9 फेब्रुवारी 2013 ला संसदेवरच्या हल्ल्यातल्या अफजल गुरूला तिहारमध्ये फाशी दिली, तेव्हा घरच्यांना कळवणारं पत्र स्पीड पोस्टानं पोचलं फाशी झाल्यावर. 2022 च्या मनोज निकालानं आणखी एक पायरी घातली. शिक्षा ठरवताना कैद्याचा मानसिक अहवाल आणि तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल कोर्टापुढं आलाच पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी 1984 मध्ये ठरवलेली किमान पथ्यंही याच धाटणीची आहेत: अठराच्या आतल्याला फाशी नको, पुरावा असा हवा की दुसरा अर्थच निघू नये, वकील हवा, अपील हवं, दयेचा अर्ज करता यावा. आता हीच यादी नाशिकच्या त्या सहा जणांना लावून बघा. त्यातली एकेक पायरी होती म्हणून ते जिवंत राहिले.

आणि या पायऱ्या आता झिजतही आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 472 नुसार दयेचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो, आणि राष्ट्रपतींचा किंवा राज्यपालांचा निर्णय कसा झाला याची चौकशी कोणत्याही कोर्टात करता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. शिक्षेला उशीर होऊ नये हे मलाही मान्य आहे. पण उशीर सरकारच्या टेबलावर होतो आणि दार कैद्याचं बंद होतं, हे काही पटत नाही.

जरब आणि खर्च या दोन मुद्द्यांवर जास्त लिहीत नाही. फाशीनं खून कमी होतात की नाही, यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं 2012 मध्ये तीसेक वर्षांचे अभ्यास तपासले आणि त्यांवरून काहीच ठरवता येत नाही असं सांगितलं. आपल्या विधी आयोगानं 2015 च्या 262 व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. आणि "आम्ही टॅक्स भरून त्यांना पोसायचं काय" हा प्रश्न रागातून येतो. एखाद्याला मारायचं की नाही हे भाकरीच्या खर्चावर ठरवायला लागलो, तर ते कुठं जाऊन थांबेल?

हरलो का आपण?

आता फाशीच्या बाजूनं सगळ्यात जड असलेली गोष्ट. ती कुठल्या पुस्तकात नाही, कोर्टाच्या व्हरांड्यात आहे.

एका खटल्यात सरकार पक्षाला मदत करणारी वकील म्हणून मी होते. मयत मुलीची आई राधानगरी भागातून प्रत्येक तारखेला पहिल्या एसटीनं यायची. डबा आणायची पण जेवायची नाही. सत्र न्यायालयानं फाशी दिली तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मला म्हणाली, "आता पोरगी झोपंल." त्या क्षणाला मी कमी लेखत नाही. लेकरू गेलेल्या आईपुढं उभं राहून फाशी चूक आहे असं म्हणायची माझी छाती तेव्हाही नव्हती, आज पण नाही.

पुढं प्रकरण मुंबईला गेलं. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर हायकोर्टात थांबायचं, तारीख घेऊन परत. काही वर्षांनी उच्च न्यायालयानं फाशी काढून सूट न देता तीस वर्षांची कैद दिली. तीस वर्षं! आरोपी बाहेर येईल तो म्हातारा होऊनच. मी तिला फोनवर ते सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे हरलो का आपण, बाई?"

त्या प्रश्नानं माझं मत पक्कं झालं. दोष सिद्ध झाला होता, शिक्षा जबर होती, तरी तिच्या वाट्याला हार आली, कारण आम्ही सगळ्यांनी, वकिलांनी, टीव्हीवाल्यांनी, मोर्चेकऱ्यांनी तिला शिकवलं होतं की फाशी म्हणजेच न्याय आणि बाकी सगळं कमी. शंभरातल्या पाचांहून कमी फाशी टिकतात हे माहीत असूनही आम्ही तिला त्याच आशेवर ठेवलं. पहिल्या दिवसापासून मरेपर्यंत जन्मठेप मागितली असती, तर तिला जे मिळालं ते मिळाल्यासारखं वाटलं असतं.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, मी सही करणार नाही. तू काय करायचं ते तू ठरव. पण निवेदनाचा मजकूर तुम्हीच लिहिलेला आहे, तो बदलता येतो. खटला रोजच्या रोज चालवा. सरकारी वकील चांगला द्या. साक्षीदारांना संरक्षण द्या. पंचनामा आणि डीएनए तपासणीत ढिलाई झाली तर अधिकाऱ्यावर जबाबदारी ठेवा. अत्याचारपीडितांसाठीच्या सरकारी मनोधैर्य योजनेचे पैसे त्या घराला हेलपाटे न घालता मिळू देत. आणि दोष सिद्ध झाला तर सूट न देता मरेपर्यंत जन्मठेप. यातली प्रत्येक मागणी कलेक्टर ऑफिसला विचारता येते, पाठपुरावा करता येतो. फाशीची मागणी दिली की तालमीचं काम तिथंच संपतं.

त्याला हे सगळं पटलं असं नाही. "पोरं ऐकणार नाहीत, आत्ती," म्हणाला. मी त्याला एक सुचवलं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांतल्या फाशीच्या कन्फर्मेशनसाठी, म्हणजे ती कायम करायची की नाही या सुनावणीसाठी, आता मुंबई गाठावी लागणार नाही. कोर्ट खुलं असतं, मागच्या बाकावर कुणालाही बसता येतं. अशी एखादी सुनावणी लागेल तेव्हा तालमीतल्या चार पोरांना घेऊन ये, एक पूर्ण दिवस बस, पुरावा कसा एकेक धागा सुटा करून बघतात ते ऐक, आणि मग तो कागद पुन्हा हातात घे.

कागदांची चळत त्यानं पिशवीत घातली. सहीची जागा अजून कोरीच होती.