कारच्या इन्शुरन्सला ९,२०० रुपये मोजले, पॉलिसी निघाली स्कूटरची

आधी लाज वेशीवर टांगतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. मी अकाउंट्समध्ये आहे. बावीस वर्षं लोकांची व्हाउचरं तपासतोय. रिक्षाच्या भाड्यात दहा रुपये जास्त दिसले तरी कागद परत पाठवतो. अशा माणसाने स्वतःच्या ११९७ सीसीच्या गाडीसाठी दुचाकीची पॉलिसी घेतली आणि तीन महिने ती डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवली.

मे २०२५. पॉलिसी २४ तारखेला मध्यरात्री संपत होती. जुन्या कंपनीचं रिन्यूअल आलं १३,९६६ रुपयांचं, झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा कापला जात नाही) आणि इंजिन प्रोटेक्ट धरून. गाडी चार वर्षांची, क्लेम एकही नाही, एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याचा बोनस, ४५ टक्के, तरी हा आकडा. मुंबईत इन्शुरन्स स्वस्त मिळत नाही हे मान्य, पण माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस नेहरूनगरच्या कंपाउंडमध्ये उभीच असते. इंजिन प्रोटेक्ट काढून टाकलं असतं तर रक्कम उतरली असती, पण कुर्ल्यात राहून ते कुणी काढावं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमच्या भागात गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीमध्ये पाणी ओढून बसलेलं इंजिन भरून मिळत नाही, हे इथल्या पोरांनाही माहीत आहे.

म्हणून चार ठिकाणी दर विचारले, वेबसाइटवर नंबर टाकले. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. बाकीचे मी कापले. एकाचा कापला नाही, कारण त्याला सगळं ठाऊक होतं. माझं नाव, गाडीचा नंबर, एक्स्पायरीची तारीख, एनसीबी किती तेसुद्धा. "सर, पंचेचाळीस टक्के बोनस आहे तुमचा, वाया घालवू नका." मला वाटलं, एवढी माहिती कंपनीच्या माणसाकडेच असणार. ही माहिती किलोच्या भावाने विकली जाते हे मी रोज पेपरात वाचतो, पण ते दुसऱ्यांच्या बाबतीत.

त्याने कोटेशन दिलं ९,२०० चं. सगळं धरून. मी म्हटलं, एवढं कमी कसं? तर म्हणाला, "सर, कॉर्पोरेट कोटा आहे. टीपीमध्येपण तीस टक्के काढून देतो."

इथे थांबा. मी थांबायला हवं होतं ती जागा हीच.

टीपी म्हणजे थर्ड पार्टी, आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा भाग. त्याचा दर सरकार ठरवतं. तेव्हाचे दर १ जून २०२२ पासूनचे होते, खाजगी गाडीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६, त्याच्यावर ७,८९७. मुंबई असो की गडचिरोली, कंपनी कुठलीही असो, आकडा तोच. त्यात कोटा नाही, ओळख नाही, एजंटच्या हातात एक रुपया सूट नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, कारण मागच्या वर्षीच्या पॉलिसीवर ३,४१६ छापलेलं होतं आणि ती पॉलिसी फाइलमध्ये वरच्या वर होती.

त्याने पीडीएफ पाठवली. मी ती तपासली, हो, तपासली! ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि अ‍ॅड-ऑन मिळून ५,४०६. थर्ड पार्टी २,३९१. एकूण ७,७९७. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,४०३. बरोबर ९,२००. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो मी, रुपयाला रुपया जुळला आणि मला बरं वाटलं. २,३९१ हा आकडा देशातल्या कुठल्याच गाडीच्या पॉलिसीवर असू शकत नाही, आणि मी त्याची बेरीज करत होतो. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मीच सांगतो, बेरीज मशीनसुद्धा करतं, तुम्ही आधी हेड बघा, आकडा कशाचा आहे ते.

दुसरी खूण यूपीआयच्या स्क्रीनवर होती. पिन टाकण्याआधी नाव आलं ते एका मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. अंगठा थबकला, खोटं सांगत नाही. विचारलं तर म्हणाला, "सर, कंपनीच्या लिंकची आजची लिमिट संपली, हे आमच्या चॅनल पार्टनरचं अकाउंट आहे." बायको मागून म्हणाली, "अहो, दुकानाला कशाला पैसे पाठवताय?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. हे वाक्य आमच्या घरी अजून चालू आहे, फक्त आता ते ती म्हणते.

कंपनीच्या खात्याशिवाय कुठेही प्रीमियम भरू नका. पार्टनर नाही, मॅनेजर नाही, त्याचा मेहुणा नाही.

आता माझी बाजूही ऐका, मी अगदीच आंधळा नव्हतो. दोन दिवसांनी एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकला. इन्शुरन्स व्हॅलिड, कंपनीचं नाव बरोबर, पॉलिसी नंबर पीडीएफमधलाच, मुदत मे २०२६. सरकारी अ‍ॅपवर दिसतंय म्हटल्यावर आणखी काय बघायचं? युक्ती इथेच होती. त्याने खऱ्या कंपनीकडून खरी पॉलिसी काढली होती, माझ्या गाडीच्या नंबरवर, पण वाहनाचा प्रकार दुचाकी टाकून. थर्ड पार्टी ७१४ रुपये, जीएसटी धरून ८४३. मग पीडीएफवरचे आकडे खोडून कारचे टाकले. ८४३ कंपनीला, ८,३५७ त्याच्या खिशात. अ‍ॅपवर कंपनी, नंबर, मुदत दिसली, पॉलिसी कशाची आहे ते त्यात मला कुठे दिसलं नाही. दर वर्षी कंपनीचा एसएमएस येतो, या वेळी आला नाही, कारण मोबाइल नंबर त्याचा दिलेला. न आलेला एसएमएस कोण मोजतो?

१९ ऑगस्ट २०२५. मोनोरेल माणसांसकट मध्येच अडकली तो दिवस. मिठी नदी फुगलेली, आमच्या कंपाउंडमध्ये गाडीच्या सीटपर्यंत पाणी. मी शहाणपणा एकच केला, पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारला नाही. टोइंगवाल्याने ३,५०० घेतले. सर्व्हिस सेंटरबाहेर गाड्यांची रांग, माझा नंबर लागला २५ तारखेला. काउंटरवरच्या पोराने पॉलिसी नंबर सिस्टीममध्ये टाकला, परत टाकला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, हा टू-व्हीलरचा निघतोय." मागे रांगेत दहा माणसं.

एस्टिमेट ८७,६०० चं होतं. शेवटी बाहेरच्या गॅरेजमध्ये ७१,३०० ला काम झालं, रोख. पॉलिसी खरी असती तर हजार रुपये डिडक्टिबल (क्लेममध्ये आपण भरायचा ठरलेला वाटा) आणि किरकोळ काही, एवढ्यावर सुटलो असतो. शिवाय पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की एनसीबी जातो. माझे नव्वद दिवस २२ ऑगस्टला भरले, मला कळलं २५ ला. तीन दिवसांच्या फरकाने ४५ टक्के गेले. ४,७६६ रुपये वाचवायला निघालो होतो मी. मधल्या काळात याच गाडीने गावी जाऊन आलो, घाटातून, पावसात. कुणाला धक्का लागला असता तर भरपाईला घर विकावं लागलं असतं. तो विचार आला की अजून झोप उडते.

आता आपल्या यंत्रणेचं कौतुक.

कंपनीच्या शाखेत गेलो. बाई शांतपणे म्हणाल्या, पॉलिसी खरी आहे, फक्त कारची नाही. म्हणजे आमची फसवणूक तुमच्या गाडीच्या नंबरवर झालीय, तुम्हीच लेखी खुलासा द्या. मी फसलेला, आणि खुलासा मी द्यायचा! ज्याच्या लॉगिनवरून निघाली त्या एजंटचं नाव विचारलं तर "ते गोपनीय असतं". कारच्या नंबरवर दुचाकीची पॉलिसी निघते आणि यांचं सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, यावर उत्तर नाही.

विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. ती फिरून त्याच कंपनीकडे गेली आणि कंपनीने 'निराकरण झाले' म्हणून बंद केली. विमा लोकपालाकडे जावं तर आधी कंपनीला लेखी तक्रार, मग महिनाभर वाट. तिथल्या माणसाने फोनवर विचारलं, तुमचा कंपनीशी करार आहे का? काय सांगू? स्कूटरचा आहे म्हणू?

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला. तीन महिने झाले, पैसे आता होल्ड होणार नाहीत, सायबर पोर्टलवर टाका, असं उत्तर. टाकलं. ते पोलीस स्टेशनला वर्ग झालं. पोलीस स्टेशनमध्ये हवालदार म्हणाले, "पोर्टलवर आहे ना, मग तिथूनच होईल." मी एफआयआर म्हटलं, तर "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? पिन तुम्हीच टाकला ना?" सगळी फसवणूक अशीच होते, फसणारा स्वतःच्या हाताने देतो, नाहीतर तिला चोरी म्हटलं असतं. साहेब म्हणाले खातं परराज्यातलं आहे, हद्दीचा प्रश्न येतो. मी झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या एफआयआरचा, विषय काढला, त्यांनी घड्याळ काढलं. "बंदोबस्त आहे, विसर्जन होऊ द्या, मग या." विसर्जन झालं, गेलो, साहेब बदलले होते. परत पहिल्यापासून. चारसोबीस आता नव्या संहितेत ३१८ झालंय एवढी नवी माहिती मिळाली. अर्जावर शिक्का मिळाला तोही तिसऱ्या फेरीत. तो शिक्का सोडू नका, आणि यूटीआर नंबरचा (व्यवहाराचा क्रमांक) स्क्रीनशॉट पैसे पाठवले त्याच दिवशी काढून ठेवा. पॉलिसी हातात आली की कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन फोन करा, पीडीएफवरच्या नंबरला नको, तो उचलणारा तोच असतो. आणि विचारा एकच, वाहन कुठलं?

त्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप चालू आहे. चतुर्थीला त्याने बाप्पाचा फोटो पाठवला, खाली 'रिन्यूअलसाठी संपर्क करा'.

सगळ्यात जड गोष्ट शेवटी ठेवलीय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हा नंबर मीच दिला होता. त्यांच्या छोट्या गाडीचे ६,४५० झाले. पैसे भरण्याआधी त्यांनी पीडीएफ मला दाखवली होती. "तू अकाउंट्सवाला, तू बघ." मी बघितली होती. सर्व्हिस सेंटरवरून आलो त्या रात्री ती परत उघडली. ९९८ सीसी, थर्ड पार्टी १,४६६. २,०९४ चे तीस टक्के कापलेले.

दुसऱ्या दिवशी ६,४५० रुपये पाकिटात घालून वर गेलो. काका काही बोलले नाहीत. पाकीट घेतलं, चष्मा लावला, आणि नोटा मोजल्या. दोनदा.