म्हापशाचा माटोळी बाजार: काय विकत घ्यावं, काय रानातूनच आणावं

चवथीची माटोळी बाजारातून आणायची की रानात जाऊन, असं दर वर्षी ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच. म्हणून म्हापशाच्या माटोळी बाजाराबद्दल एकदाच सविस्तर लिहिते. आधीच सांगून टाकते: बाजार उत्तम आहे, माझ्या भरवशाचा आहे, आणि तरीही सगळीच्या सगळी माटोळी तिथून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट. त्या दिवसांत रानात, भाटात (नारळीच्या बागेत), कुळागरात (सुपारीच्या बागेत) जे जे पिकतं ते तिला बांधायचं: फळं, शेंगा, भाज्या, वेली, फुलं. नारळ, सुपारी, केळी ही घरची. कांगणी, घागऱ्या (खुळखुळणाऱ्या शेंगा), कवंडळ, आंबाडे ही डोंगरावरची. मूर्ती विकत आणतात, मखर हल्ली भाड्याने मिळतं, पण माटोळी बांधायला घरातली माणसंच लागतात. कुणी स्टुलावर चढतं, कुणी खालून वस्तू देतं, आणि एक वडीलधारं माणूस मागे उभं राहून ‘डावीकडे जड झालंय’ असं सांगत असतं.

मी डिचोलीची. माझा कोकम आणि तिरफळांचा घरगुती धंदा आहे. मे महिन्यात भिरणां (कोकमाची फळं), पाऊस स्थिरावला की फागलां (करटोली), आणि श्रावण-भाद्रपदात तिरफळं, ह्यासाठी मी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या बाजूला, तिळारीच्या अंगाने दोडामार्गात फिरत असते. ओळखीच्या घरी उतरायचं, त्यांच्या वरकस जमिनीत त्यांच्याबरोबर जायचं, जे मिळेल ते वाटून घ्यायचं. ही फिरती मला मनापासून आवडते. तिरफळाच्या झाडाला बुंध्यापासून काटे, आणि घोस वर फांद्यांच्या टोकाला. आकडी बांधलेल्या काठीने फांदी वाकवायची आणि घोस अलगद तोडायचा. हिरवी फळं मी मिठाच्या पाण्यात घालते, उरलेली वाळवते. ती उलली की काळी बी काढून टाकायची, स्वयंपाकात जातं ते फक्त टरफल. बांगड्याच्या आमटीत ताजी चार तिरफळं ठेचून घातली की शेजारच्या घरापर्यंत वास जातो.

पंचाईत एवढीच की तिरफळ भरात येतं ते ऐन चवथीच्या तोंडावर. झाड थांबत नाही. उशीर केला की फळं उलून खाली पडतात आणि पावसात कुजतात. आणि नेमके तेच दिवस अख्ख्या गोव्याचे घरी परतण्याचे. पणजी-पर्वरीतले फ्लॅट कुलूपबंद होतात, मुंबईहून चाकरमानी येतात, मूळ घराच्या ओटीवर चपला मावत नाहीत. तिकडे डोंगरावर मोबाइलला जरा रेंज आली की सासूबाईंचा फोन: ‘‘तयेआदीं घरा यो गो.’’ तय म्हणजे चवथीच्या आदला दिवस. त्या दिवशी घरची सून घरात नाही हे त्यांना चालत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही चालत नाही. पिशवीत अर्धी तिरफळं आणि डोक्यात उरलेली झाडं घेऊन मी खाली उतरते.

म्हापशाचा बाजार माझ्या कामाला येतो तो इथे.

शुक्रवारचा बाजार म्हापशाला पूर्वापार आहेच, पण माटोळीचा बाजार चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस वेगळा भरतो. बार्देश, पेडणे, डिचोली, सत्तरी, सगळीकडून माल येतो. डिचोलीहून अस्नोडामार्गे बस आहे. स्वतःची गाडी नेलीत तर लांब लावून चालत या, त्या दिवसांत बाजाराजवळ जागा मिळत नाही.

बाजारात ढोबळमानाने दोन तऱ्हेचे विक्रेते असतात. एक टेम्पोने माल आणणारे. त्यांच्याकडे केळीचे घड, नारळाच्या पेंडी, सुपारीची शिपटं (घोस), चिबूड, निरफणस, तोरिंगं (पपनसं) रचलेली असतात. हा माल बिनदिक्कत घ्या. तो लावलेला, पिकवलेला असतो. त्यासाठी डोंगर चढण्यात काही अर्थ नाही. फक्त नारळाची पेंड आदल्या दिवशी घेऊ नका, भाव चढतात आणि चांगल्या पेंडी आधीच गेलेल्या असतात. सुपारीचं शिपटं घेताना देठ पाहा. तो सुकलेला असेल तर दीड दिवसात सुपाऱ्या गणपतीच्या डोक्यावर गळायला लागतात.

दुसऱ्या आहेत त्या गोणपाट अंथरून बसणाऱ्या बायका. माझ्या मते माटोळी बाजार म्हणजे ह्या बायका. पहाटे निघून येतात, सोबत एक पाटी आणि दोन पिशव्या, त्यात आपल्या वाड्याच्या आसपास फिरून गोळा केलेलं. एकेक जुडी पन्नासच्या आसपास पडते. घासाघीस करू नका. कांगणीचा एक चांगला घोस मिळवायला किती काटेरी जाळ्यांत शिरावं लागतं ते मला माहीत आहे.

मी नेहमी जिच्याकडे जाते ती म्हातारी पेडण्याच्या बाजूची. तिच्याकडे दोर मिळतात, केवणीच्या सालीचे. आपण ज्याला मुरुडशेंग म्हणतो, बाळाच्या पोटदुखीवर उगाळून देतात, तेच हे झुडूप. गिऱ्हाईक नसलं की तिचे हात चालू असतात. अंगठ्याच्या नखाने सालीची वरची काळपट खपली काढते, आतला पांढरट पट्टा ओला करते, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरते आणि दोन पदर मांडीवर वळत जाते. प्लॅस्टिकची सुतळी ओल्या देठावरून घसरते. हा दोर ओला असताना बांधला की सुकताना आवळत जातो, आणि भरलेला चिबूडही जागचा हलत नाही. बाजारातली एकच वस्तू घ्यायची असेल तर हे दोर घ्या.

रानातला माल पारखायची माझी रीत सोपी आहे. विचारायचं, ‘‘मावशी, हें खंयचें?’’ खरी गोळा करणारी बाई लगेच सांगते, अमक्या वाड्यामागची आडवण, तमक्या ओहोळाच्या वरची झाडी. माझ्या म्हातारीने तर एकदा झाडाजवळच्या वारुळासकट पत्ता दिला आणि वर म्हणाली, ‘‘बाये, हें आमच्या दोंगरार जाता.’’ ज्याने घाऊक घेऊन मांडलं आहे त्याला उत्तर देता येत नाही. तो माल वाईट असतोच असं नाही, पण कधी तोडला ह्याचा पत्ता नसतो, आणि कांगणीची फळं शिळी झाली की हात लावताच गळतात.

तिरफळांबद्दल माझ्या धंद्यापुरतं सांगते. बाजारातली ताजी तिरफळं चांगली असतात, पण नखाने दाबून बघा. बोटाला वास चिकटला पाहिजे, तो हात धुतल्यावरही राहिला पाहिजे. नुसता हिरवा वास आला तर ती कोवळी तोडलेली आहेत. आंबाडे घट्ट आणि हिरवे घ्या, चवथीला सासवात (मोहरी घातलेल्या कालवणात) ते लागतातच, आणि माटोळीला बांधलेले नंतरही चालतात. फागलां कोवळी घ्या. पिवळट पडलेली आतून बियांनी भरलेली असतात, रव्यात घोळून तळायला उपयोगाची नाहीत.

आता जे खटकतं ते. अलीकडे बाजारात मुळासकट उपटलेल्या वेली दिसतात. फागल्याची वेल दर पावसात त्याच कंदातून वर येते, आणि नर वेल वेगळी, मादी वेगळी. फळं देणारी मादी वेल कंदासकट उपटली की ती जाळी संपली. असा माल मी घेत नाही, आणि विकणाऱ्याला का घेत नाही ते सांगते. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे शेकडो रानवस्तूंची नावं पुन्हा लोकांच्या तोंडी आली, ह्याचा मला आनंद आहे. शाळकरी मुलं कवंडळ ओळखतात ती त्यामुळे. पण घरच्या माटोळीला शेकडो वस्तू कशाला हव्यात? आपल्या डोंगरावर जे सहज मिळतं तेवढं बांधावं. शिवाय म्हादई किंवा नेत्रावळीसारख्या अभयारण्यातून माल आणू नका, कुणी आणून देतो म्हटलं तरी नको म्हणा. ही दोन्ही अभयारण्यं 1999 साली जाहीर झाली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 29 व्या कलमाप्रमाणे तिथून परवानगीशिवाय रानातलं काही काढता येत नाही.

आणखी एक. कुठलाही माटोळी बाजार घ्या, पावसात तासन् तास बसणाऱ्या ह्या बायकांच्या डोक्यावर नीट छप्पर आणि जवळ स्वच्छ शौचालय हवं. त्या सकाळी येतात आणि माल संपवून घाईघाईने परततात, कारण त्यांच्याही घरी चवथ असते.

मग रानातून स्वतः काय आणावं? माझ्या घरी हे ठरलेलं आहे: कांगणी, घागऱ्या आणि हरणाची फुलं आम्हीच आणतो. बाजारात ती मिळत नाहीत म्हणून नव्हे. तयेच्या सकाळी मुलं, दीर, पुतणे असे सगळे घरामागच्या डोंगरावर जातात. वर्षभर मी परमुलखातल्या डोंगरांवर फिरते, तिथली झाडं मला पाठ आहेत, पण आमच्याच डोंगरावरच्या घागऱ्या कुठे वाजतात हे माझ्या मुलाला माझ्याआधी कळतं. ते त्याला बाजारात कळलं नसतं. आणि सासूबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे आता ओहोळही ओलांडवत नाही, त्यांच्यासाठी मी म्हापशाहून एक वाटा जास्तीचा आणते. त्या तो मांडीवर घेतात, एकेक वस्तू वास घेऊन ओळखतात, आणि ही कुठल्या दिशेच्या उतारावर येते ते मुलांना सांगतात. पुढच्या वर्षी मुलं त्या उतारावर जातात. ज्या घरात असं सांगणारं माणूस आहे त्याने निम्मी माटोळी तरी स्वतः गोळा करावी. ज्यांचं मूळ घरच शहरात आहे, किंवा ज्यांना रान ओळखता येत नाही, त्यांनी खुशाल सगळी म्हापशाला घ्यावी, फक्त रानमाल गोणपाटावरच्या बायकांकडून.

जाताना कापडी पिशव्या न्या, एक रुंद तोंडाची पाटी न्या, सुटे पैसे न्या. यूपीआय बऱ्याच जणींकडे आलं आहे, पण पावसात फोन काढणं दोघींनाही नको वाटतं. सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर रानमाल उरत नाही. विसर्जनानंतर चिबूड, तोरिंगं, आंबाडे शेजारीपाजारी वाटून खा. कवंडळ मात्र लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं टाका, ते लालभडक आणि देखणं असतं पण खायचं नसतं.